डोंगराला जेसीबी लावण्याआधी : एका गवंड्याचं खुलं पत्र

प्रति,
आमच्या डोंगरी गावाच्या पुनर्वसनाचा निर्णय घेणारे सर्व अधिकारी, अभियंते आणि लोकप्रतिनिधी यांस,

विषय : कारखान्यात तयार होणाऱ्या घरांचा प्रस्ताव एका ओळीत निकाली काढल्याबद्दल

स. न. वि. वि.

मी गवंडी, पाटण तालुक्यातल्या एका डोंगरी गावचा. गावाचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्या फाइलीत ते आहेच, आणि बाकी वाचणाऱ्यांना आपापल्या ओळखीचं एखादं गाव डोळ्यांपुढे आणता येईल. अशी गावं या पट्ट्यात पुष्कळ आहेत. चौतीस वर्षं थापी आणि ओळंबा माझ्या हातात आहे. पुढे जे लिहितोय ते माझ्याच धंद्याच्या मुळावर येणारं आहे हे मला कळतं. बायकोनं तर सरळच विचारलं, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस आलीय का?" तिला उत्तर देता आलं नाही, म्हणून तुम्हाला पत्र लिहायला बसलो.

जुलै २०२१ मधले ते दोन दिवस तुम्हाला कागदावरून माहीत असतील. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या आणि झोपेतली माणसं मातीखाली गेली. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याला एवढा पाऊस अख्ख्या वर्षात मिळाला तरी लोक पेढे वाटतील. आमच्या गावात कुणी दगावलं नाही, देवाची कृपा. पण वरच्या आळीच्या पाठीमागे रानात एक भेग पडली. पहिल्या दिवशी तिच्यात माझा हात मनगटापर्यंत गेला, आठवड्याने कोपरापर्यंत. त्या आळीतली अडतीस घरं रिकामी केली, आम्हाला शेडमध्ये आणलं, आणि "तात्पुरतं" या शब्दाचा अर्थ आम्ही तेव्हापासून शिकतो आहोत. त्या अडतिसात एक घर माझं. ते मी स्वतः बांधलं होतं, जोत्यापासून कौलापर्यंत.

आता जागा ठरली, पैसे मंजूर झाले, चांगलं झालं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. तुमच्याच एका तरुण इंजिनिअरनं कारखान्यात तयार होणाऱ्या, जागेवर आणून जोडायच्या घरांचा प्रस्ताव दिला होता. पोरगा शेडमध्ये येऊन आमच्याशी दोन तास बोलला होता, म्हणून मला ठाऊक. त्याच्या प्रस्तावावर शेरा पडला : "स्थानिक परिस्थितीस अनुरूप नाही." एवढंच. आणि मंजूर काय झालं, तर डोंगराचा उतार तीन टप्प्यांत कापून सपाट करायचा आणि त्यावर विटांची, स्लॅबची अडतीस घरकुलं बांधायची. पंचवीस चौरस मीटरचं एक घर. फक्कीच्या, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या पुडीच्या, रेषासुद्धा मारून झाल्या आहेत.

साहेब, ताई, ज्या स्थानिक परिस्थितीचा तुम्ही हवाला दिलात तिच्यातच मी जन्मलो. तेव्हा तिच्याबद्दलच बोलू.

पहिली तक्रार डोंगर कापण्याची. तुमच्या नकाशावर ती जागा सपाट दिसते, कारण कागद सपाट असतो. प्रत्यक्षात तिथं उभं राहिलं तर एक पाय वर आणि एक खाली राहतो. अशा उतारावर जड घर बसवायचं म्हणजे वरच्या अंगाचा डोंगर उभा कापायचा आणि निघालेला मुरूम खालच्या अंगाला लोटून सपाटी करायची. अर्धं जोतं जुन्या घट्ट जमिनीवर येतं आणि अर्धं भरावावर. भराव कितीही दाबला तरी दोन पावसाळ्यांत बसतो, आणि जोत्याला बरोबर मधोमध भेग जाते. हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही, मी बांधलेल्या घरांना गेलेली आहे. वरच्या अंगाची गोष्ट आणखी वाईट. आमच्याकडे वर जांभा, मध्ये चिकट माती, खाली काळा पाषाण. पाणी जांभ्यातून झिरपतं, मातीत मुरतं, पाषाणावर अडतं. कापलेल्या तोंडातून ते पाझरायला लागलं की वरचा डोंगर आधार सोडतो. आमची म्हातारी माणसं म्हणायची, डोंगराच्या पायाला हात लावू नका, तो बसतो. दरडीतून वाचवायला म्हणून तुम्ही आम्हाला नव्या जागी नेताय आणि नेण्याआधी तिथं दरड कोसळायची सोय करून ठेवताय.

हलक्या घराला एवढी सपाटी लागत नाही. उताराच्या अंगाने कमी-जास्त उंचीचे काँक्रीटचे छोटे खांब घ्यायचे, त्यावर लोखंडी चौकट बसवायची, आणि पावसाचं पाणी घराखालून आपल्या वाटेनं जाऊ द्यायचं. झाडं वाचतात, ओघळी वाचतात, वरचं गवत वाचतं. जागाच खचणारी असेल तर हलकं घरही वाचणार नाही, हे मी आधीच कबूल करतो. भूगर्भवाल्यांची तपासणी त्यालाही हवीच. पण चांगल्या जागेचं वाटोळं तरी आपल्या हातून होणार नाही.

वजनाचं आणखी एक. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आईच्या पोटात होतो. दगडमातीच्या भिंती कशा आत पडल्या हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मी पाहिल्यासारखं वाटतं. तिचं एकच म्हणणं असायचं : "जमिनीनं नाही मारलं, भिंतीनं मारलं." घर जितकं जड, तितका धक्क्याचा जोर जास्त, हे इंजिनिअर लोक मला नंतर शिकवून गेले, आईने ते आधीच सांगितलं होतं. पंचवीस मीटरचं विटांचं-स्लॅबचं घर पायासकट पन्नास टनांच्या घरात जातं. पातळ पोलादी सांगाड्याचं तेवढंच घर, पाया सोडला तर, दहा टनांच्या आत बसतं.

दुसरी तक्रार तुमच्या अंदाजपत्रकाची. त्यात प्रत्येक गोष्टीची किंमत आहे, पण ती गोष्ट कुठून उचलून आणली याचा कॉलम नाही. तो मी भरतो.

एका घरकुलाला साधारण साडेसहा हजार विटा लागतात. एक वीट तीन किलोच्या आसपास. अडतीस घरांच्या विटा सातशे टनांच्या वर गेल्या. ही माती येते कुठून? कृष्णा-कोयनेच्या काठची मळी. ज्यांनी मळीतला ऊस आणि मळीतली वांगी पाहिलीत त्यांना सांगायला नको ती माती काय आहे ते. नदीनं शेकडो वर्षं थर रचले आणि आपण दीड-दोन हात खणून भट्टीत घालतो. शेतकरी अडचणीत असला की मातीच विकतो. नंतर त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं. भट्टीला कोळसा लागतो, भुसा लागतो, आणि हिवाळ्याच्या सकाळी कऱ्हाडच्या बाजूला नदीकाठानं गेलात तर धूर कसा खाली बसून राहतो ते नाकाला कळतं. वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या विटा आहेत म्हणाल, तर आहेत, आणि चांगल्या आहेत. तुमच्या अंदाजपत्रकात मात्र लाल वीटच लिहिली आहे.

वाळूबद्दल काय बोलायचं. सांगली जिल्ह्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात येरळा नदीची थोडी वाळू विकून त्याच पैशातून बळीराजा धरण बांधायला घेतलं, आणि बाकीचा बेसुमार उपसा थांबवण्यासाठी ते झगडले. वाळू म्हणजे नदीच्या पोटातली पाण्याची टाकी, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. आपण नंतर नद्या खरवडून काढल्या, आणि आता नदीची वाळू मिळेना म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरतो. म्हणजे नदी सोडली आणि डोंगर फोडायला घेतला. मीही तीच वापरतो, दुसरं मिळतच नाही.

सिमेंटची शंभर-सव्वाशे पोती एका घराला. एक टन सिमेंट बनवताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साईड हवेत जातो, आणि त्यातला मोठा वाटा कोळशाचा नसून खुद्द चुनखडीचा असतो. दगड भाजला की तो वायू दगडातूनच सुटतो. म्हणजे भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी तो जायचाच. जगभरच्या कार्बनमध्ये सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचे आहेत. मी चौतीस वर्षांत किती पोती फोडली असतील!

आणि पाणी. हे तुम्हाला कऱ्हाडात बसून दिसणार नाही. बांधकामाचा आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. जूनला पाऊस लागला की चार महिने थापी बंद. म्हणजे स्लॅब टाकायचे ते नेमके मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा आमचे झरे आटलेले असतात. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरायचं, भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. एका घराला रोज दोन-तीन पिंपं सहज जातात. खाली कोयनेत १०५ टीएमसीचं धरण आणि वर आमच्या बायका कळशी घेऊन झऱ्यापाशी नंबर लावून. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत मी एक घरकुल बांधत होतो. पाणी मारताना एक म्हातारी येऊन शेजारी उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती पाइपकडे बघत राहिली. मी पाइप बंद केला. त्या दिवशी भिंतीला पाणी कमी पडलं आणि पुढे त्या भिंतीचा गिलावा उकलला. चूक कुणाची म्हणायची?

कारखान्यातल्या घराला जागेवर पाणी लागतं ते पायापुरतं. बाकी सगळं कोरडं काम आहे, बोल्ट आणि स्क्रूचं.

तिसरी गोष्ट तक्रार नव्हे, कबुलीजबाब आहे. प्रत्येक कामाच्या शेवटी घरामागे एक ढीग उरतो. फुटक्या विटा, रोडे, घमेल्यात आळलेला माल, रंगाचे डबे, सेंट्रिंगच्या तुटक्या फळ्या, सिमेंटची रिकामी पोती, सळईचे हातभर तुकडे. सळई तेवढी भंगारवाला नेतो. शेवटच्या दिवशी मालक म्हणतो, "मिस्त्री, एवढं ते उचलून घ्या." आम्ही उचलतो आणि ओढ्याच्या काठाला लोटतो. पोती पेटवून देतो. मी हे असंख्य वेळा केलंय. २०२१ च्या पुरात ओढ्याने वाट बदलली आणि खालच्या आळीत घुसला, तेव्हा पाणी ओसरल्यावर मी तो काठ बघायला गेलो. चिखलातून लाल रोडे वर आले होते. एकाला अर्धा गिलावा चिकटलेला होता, निळ्या रंगाचा. ते घर मी ओळखलं.

बांधकामाच्या राडारोड्याचे नियम देशात २०१६ पासून आहेत. शहरात त्यांचं काय होतं ते शहरवाल्यांनी सांगावं. आमच्या डोंगरात अजून कुणी विचारायला आलेलं नाही. आता अडतीस घरांचा ढीग एकाच ओढ्याच्या डोक्यावर उरणार आहे. तो कुठे जाणार, हे तुमच्या अंदाजपत्रकात शोधलं. सापडलं नाही.

हे सगळं मला पूर्वी दिसत नव्हतं असं नाही. पण दुसरी काही रीत असते हे माहीत नसलं की माणूस आहे त्याला रीत म्हणतो. माझा भाचा अशा एका कारखान्यात कामाला आहे. त्याने मला नेऊन दाखवलं. भल्यामोठ्या शेडमध्ये जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याची गुंडाळी एका यंत्रात जात होती आणि दुसऱ्या बाजूने घडी घातलेली, भोकं पाडलेली, नंबर छापलेली पट्टी बाहेर येत होती. कुठली पट्टी कुठल्या भिंतीत जाणार ते आधीच ठरलेलं. पट्टी हवी तेवढीच कापली जाते, मिलिमीटरच्या हिशेबात. वायर कुठून जाणार त्याची भोकंसुद्धा यंत्रच पाडतं, म्हणजे आमच्यासारखं आधी भिंत बांधायची, मग छिन्नीने झिरी मारून फोडायची, मग पुन्हा बुजवायची, हा गाढवपणा नाही. पट्ट्यांची चौकट होते, दोन्ही बाजूंना सिमेंट-फायबरचा बोर्ड बसतो, मध्ये दगडी लोकर, म्हणजे दगड वितळवून काढलेले लोकरीसारखे तंतू, भरतात. उष्णता आणि आवाज दोन्ही अडतात.

मी विचारलं, "कचरा कुठंय?" भाच्याने कोपऱ्यातले तीन पिंजरे दाखवले. एकात पत्र्याचे तुकडे, एकात बोर्डाचे, एकात लोकरीचे. "मामा, पत्रा परत वितळायला जातो. बोर्डाचे तुकडे खिडकीखालच्या पट्टीला वापरतो." दिवसभरात दोन घरांच्या भिंती निघाल्या होत्या आणि पत्र्याचा पिंजरा माझ्या गुडघ्याएवढाही भरला नव्हता. मग तयार भिंतीचा एक तुकडा दोघांनी उचलून ठेवला. मी चौतीस वर्षांत दोन माणसांनी उचललेली भिंत पाहिली नव्हती. थोडं वाईटही वाटलं, लपवत नाही.

आणि बाहेर धो धो पाऊस पडत होता. जुलै महिना. माझी थापी घरी गंजत पडली होती आणि आत घर तयार होत होतं. हे तुम्ही नीट ध्यानात घ्या. पावसाळ्यातले आमचे चार महिने वाया जातात म्हणून आम्ही शेडमध्ये आणखी एक वर्ष काढतो. भिंती पावसाळ्यात कारखान्यात झाल्या तर दिवाळीनंतर पाये, पौषात जोडणी, आणि शिमग्याआधी माणसं आपल्या घरात.

आता तुमच्या शेऱ्याकडे येतो. "स्थानिक परिस्थितीस अनुरूप नाही." केंद्र सरकारनेच १ जानेवारी २०२१ ला देशात सहा ठिकाणी नव्या पद्धतीच्या घरांचे प्रकल्प सुरू केले : इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा, लखनौ. प्रत्येक ठिकाणी सुमारे हजार घरं. रांचीला अख्खी खोली आधी ओतून मग क्रेनने उचलून ठेवायची पद्धत. चेन्नईला कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे भाग, तिथली ११५२ घरं मे २०२२ मध्ये लोकांना दिलीसुद्धा. आणि आगरतळ्याला पातळ पोलादी सांगाडा. आगरतळा म्हणजे त्रिपुरा. पाऊस भरपूर, आणि भूकंपाचा धोका आपल्याहून जास्त. तिथल्या स्थानिक परिस्थितीला जे चाललं ते आमच्या परिस्थितीला का चालत नाही, हे मला एका ओळीत नको, एका पानात लिहून द्या. फाळणीनंतर १९४८ मध्ये निर्वासितांच्या घरांसाठी सरकारनेच दिल्लीत घरांचा कारखाना काढला होता. म्हणजे कल्पना माझ्या भाच्याची नाही, आणि नवीन तर मुळीच नाही. राष्ट्रीय इमारत संहितेतही अशा बांधकामाचा स्वतंत्र भाग आहे.

विरोधातले मुद्दे मला माहीत नाहीत असं समजू नका. शेडमध्ये यावर रोज भांडण होतं.

"पत्र्याची खोकी" हा पहिला. आम्ही पत्र्याच्या खोक्यातच राहतोय, त्यामुळे त्याचा त्रास आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक. उन्हात भट्टी, थंडीत बर्फ, आणि पाऊस लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी मागतोय ते हे नाही. लोकर भरलेली भिंत आणि दुपदरी छप्पर म्हणजे खोकं नव्हे. फरक बघायचा असेल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या शेडमध्ये दहा मिनिटं बसा आणि मग कारखान्यातल्या नमुन्याच्या घरात बसा.

गंज हा खरा मुद्दा. आमच्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत, लोखंडाचं काय होईल? म्हणून जस्ताचा थर जाड हवा, कापलेल्या कडा झाकलेल्या हव्यात, घर जमिनीपासून हातभर उंच हवं, आणि वळचण चांगली अडीच फूट बाहेर हवी. आमच्या आजोबांच्या घरांच्या वळचणी बघा, पागोळ्या भिंतीपासून किती लांब पडायच्या. तुमच्या घरकुलांना वळचणच नसते आणि मग भिंतींना ओल येते म्हणून आम्हालाच दोष. ते दुखणं विटेलाही आहे, पत्र्याच्या माथी एकट्याच्या मारू नका.

पोलाद बनवायलाही कोळसा जळतो, हेही खरं. एक टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन जातो. पण हिशेब पुरा करा. आत्ताच्या घरकुलातसुद्धा सळई आठशे-हजार किलो जातेच, आणि त्या पातळ सांगाड्याचं वजन त्याच्याच आसपास आहे. म्हणजे पोलाद दोन्हीकडे सारखं, विटा आणि बरंचसं सिमेंट मात्र वाचलं. शिवाय काँक्रीटमधली सळई घण घालून काढावी लागते, बोल्टचा सांगाडा पान्याने सुटतो. ज्या तालुक्यातली माणसं आधी धरणासाठी उठली, मग दरडीसाठी उठली, त्यांना घर सोडून न जाता घर घेऊन जाता येणं ही काय चीज आहे, ते तुम्हाला कसं सांगू? माझं ते जुनं घर अजून तिथंच उभं आहे. त्याची एक वीट मला आणता आली नाही.

वाहतुकीचा मुद्दा मी स्वतःच मांडतो. पूर्ण खोली ट्रकवर घालून आमच्याकडे येणार नाही. शाळेपाशीच्या वळणावर एसटीसुद्धा दोन दमांत फिरते. पण भिंतींचे पट्टे एकावर एक रचून छोट्या गाडीत येतात. विटा, खडी, वाळू, सिमेंट, सळई मिळून एका घराला सहा-सात मोठ्या गाड्या मी मोजलेल्या आहेत. पट्ट्यांना दोन पुरतात, फार तर तीन. डिझेलचं सोडा, आमचा रस्ता तरी शाबूत राहील. मात्र कारखाना तीनशे किलोमीटरवरचा निवडलात तर यातलं बरंच पाण्यात जाईल.

राहिला गवंड्यांचा पोटाचा प्रश्न. माझ्या हाताखाली सहा पोरं आहेत. पाया, फरशी, ओटा, न्हाणी, शोषखड्डा, पायऱ्या, गटार हे आमच्याकडेच राहील. पण भिंतीची मजुरी जाईल, आणि ती मोठी असते. म्हणून जोडणीचं काम बाहेरच्या टोळीला न देता आमच्या पोरांना शिकवून द्या. ओळंबा ज्याला कळतो त्याला पाना शिकायला महिना पुरे.

माझ्या मागण्या अशा :

डोंगर कापायचं काम आत्ता थांबवा. कायमचं थांबवा असं म्हणत नाही. दोन्ही पद्धतींची तुलना लेखी होऊन ती ग्रामसभेत वाचून दाखवेपर्यंत थांबवा. त्या तुलनेत रुपयांबरोबर चार आकडे हवेतच : किती घनमीटर डोंगर कापणार, किती गाड्या माल येणार, बांधकामाला किती पाणी लागणार, आणि राडारोडा किती निघून कुठे जाणार.

अडतिसांपैकी पाच घरं तरी कारखान्यातली बांधून बघा. त्यातलं एक माझं असू द्या. फसलं तर शेडमध्ये परत जाणारा पहिला माणूस मी असेन, आणि तसं स्टॅम्प पेपरवर लिहून देतो.

ठेकेदाराकडून गंजाची आणि गळतीची हमी वर्षांच्या आकड्यात, लेखी घ्या. अडीच फूट वळचण आणि पुढे पडवी नकाशात टाका. आणि कृपा करून गोठ्याला जागा ठेवा. मागच्या नकाशात माणसांची घरं होती, म्हशी बहुधा हवेत बांधायच्या होत्या.

पाया आणि जे काही बांधकाम विटांचंच करायचं ठरेल, त्यात लाल विटेऐवजी राखेची वीट लिहा.

तालुक्यातल्या वीस-पंचवीस गवंड्यांना जोडणीचं प्रशिक्षण द्या, काम सुरू व्हायच्या आधी.

जेसीबी तुळशीच्या लग्नानंतर येणार असं ठेकेदाराचा माणूस सांगून गेला. त्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी एकदा जागेवर या. येताना गाडी शाळेपाशीच लावा, पुढे वळता येत नाही. तिथून चढ आहे, वीस मिनिटांचा. फक्कीच्या रेषा परवाच्या पावसात बऱ्याचशा धुऊन गेल्या आहेत, पण खुंट्या आहेत. कुठली खुंटी कुठल्या झाडाच्या मुळाशी ठोकली आहे ते मी दाखवीन.

आपला,
शेड क्रमांक अकरामधला गवंडी
तालुका पाटण, जिल्हा सातारा